गाणी लावून लिहू की शांततेत?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की समोरचा "मॅडम, एक जरा विचित्र विचारू का" असं म्हणाला की मी मनात म्हणते, आला. कथा लिहिणारे, मालिकांचे संवाद लिहिणारे, प्रबंध अर्धवट राहिलेले, सगळे. लिहिणं अडलंय आणि त्यांना वाटतंय की दोष कानात आहे. कुणी म्हणतं गाण्याशिवाय बोटंच हलत नाहीत, कुणी म्हणतं वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी माझं वाक्य तुटतं, आणि दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा असतो. मी निकाल देत नाही. यावर काहीजण वैतागतात, "मग फी कशाची घेता" असंही एकाने तोंडावर ऐकवलंय.

खाली जो "तो" आहे तो एकच माणूस नाही, चार-पाच जणांचे तपशील मिसळलेत. बोलणं मात्र खरंच असं झालं, फक्त सात सेशन्सचं मिळून इथे थोडक्यात.

तो आला तोच गळ्यात हेडफोन अडकवून. कादंबरी लिहितोय, तिसऱ्या प्रकरणावर अकरा महिने अडकलाय. रोज रात्री बसतो, तीन-तीन तास बसतो.

"गाणं बंद करून कधी बघितलंय?"

"बघितलंय. नाही जमत."

"म्हणजे नेमकं काय होतं?"

"काहीच होत नाही मॅडम, तोच तर प्रॉब्लेम आहे."

मग त्याने बाजू मांडायला सुरुवात केली, आणि तयारी करून आला होता हं. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी तल्लख होते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मी म्हटलं, तो 1993 चा प्रयोग 36 विद्यार्थ्यांवरचा होता, फायदा दिसला तो आकृत्या मनात उलटवण्या-दुमडण्याच्या कामात, आणि तोही दहा-पंधरा मिनिटंच टिकला. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं की संगीताने माणूस जरा खुशीत आणि जागा होतो, एवढंच त्यामागे असावं. लिहिण्याचा त्यात संबंधच नाही. मग म्हणाला, मी तर न कळणाऱ्या भाषेतली गाणी लावतो, शब्दांची अडचणच नको. त्याचंही उत्तर जुनं आहे, 1976 मधलं. लोकांना अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि कानावर जर्मन वाचन सोडलं, जर्मन कुणाला येत नव्हतं, तरी अक्षरं विसरली गेली. "पण माझी आवडती गाणी आहेत ती!" आवडतं असो नावडतं असो, आठवणीच्या कामात दोन्ही सारखीच लुडबुड करतात, हे 2011 मध्ये तपासून झालंय. आणि 2001 मध्ये तर थेट लिहिणाऱ्यांनाच बसवलं होतं, मागे संगीत असलं की लिहिण्याचा वेग कमी झाला, नुसती वाद्यं असली तरी.

तो गप्प झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी कळलं की मी वाद जिंकले आणि माणूस घालवला, कारण पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. लिहिता येत नाही म्हणून घाबरलेल्या माणसाला मी आकडे ऐकवत बसले होते. इतक्या वर्षांनीही ही चूक होते माझ्याकडून.

त्यानंतरच्या आठवड्यात आला. यावेळी मी फक्त एक काम दिलं. चौदा दिवस एका वहीत चार रकाने भरायचे: कधी बसलो, कानात काय होतं, काम कोणतं केलं, शब्द किती आले. बाकी काही बदलायचं नाही, गाणी हवी तशी लावायची. "मूड पण लिहू का?" नको. मूड लिहायला लागला की माणूस त्यावरच दोन पानं लिहितो.

वही आली. पहिल्याच पानावर बसलो 9.10, पहिला शब्द 9.55. दुसऱ्या दिवशी 9.05 आणि 9.50. मी नुसतं बोट ठेवलं.

"ते गाणं शोधायला जातात ना," तो म्हणाला, "पावसाचा सीन असला तर गाणंही तसंच पाहिजे."

पण मला आवडलेलं पान नववं. त्या दिवशी 640 शब्द होते, सगळ्या वहीत सगळ्यात जास्त. 'कानात काय' या रकान्यात प्लेलिस्टचं नाव आणि त्यापुढे पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह. बाकी सगळी वही पेनाने लिहिलेली.

"हे काय आहे?"

तो बराच वेळ बघत राहिला त्याच्याकडे. "ती प्लेलिस्ट अर्ध्या तासाची आहे," म्हणाला. "मी पावणेदोन तास लिहीत होतो."

मी काही बोलले नाही.

"म्हणजे नंतरचा सव्वा तास काहीच वाजत नव्हतं."

"आणि हेडफोन?"

"कानातच."

त्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला, हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेला फार खाज सुटते, बघा म्हटलं होतं ना असं म्हणायची, ती आवरणं हेच आमच्या कामातलं अर्धं कौशल्य आहे असं मला वाटतं. शेवटी तोच हसला. "म्हणजे मी शांततेत लिहिलं?"

"शांतता ऐकू आली का तुम्हाला?"

"नाही."

"आणि गाणं?"

"तेही नाही."

मला तिथे जे दिसलं ते मी त्यानंतर कित्येकांना सांगितलंय. लिहिणं सुरू असतं तेव्हा कान बंद असतात, संगीत की शांतता हा प्रश्नच तिथे नसतो. तो प्रश्न आहे दाराबाहेरचा. गाणं तुम्हाला उंबरठ्यापर्यंत सोडायला येतं, आत येत नाही. आणि तो अकरा महिने उंबरठ्यावर उभा राहून सोबत कोणाची चांगली याचाच विचार करत होता.

मग खरा प्रश्न विचारला. गाणं नसतं त्या पहिल्या दहा मिनिटांत काय ऐकू येतं?

"हे कोण वाचणार, असं."

इथे काही मंडळी विचारतील की तो आवाज कुणाचा, वडिलांचा की शाळेतल्या सरांचा, आणि त्यात सहा महिने जातील. मी त्या पंथातली नाही. आवाज कुणाचा यापेक्षा तो म्हणतोय ते खरं आहे का, आणि खरं असलं तरी आज लिहायला त्याने अडतंय का, एवढं विचारलं की पुष्कळ काम होतं असा माझा अनुभव आहे. गाणं त्या आवाजावर झाकण घालत होतं, आणि झाकलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही. त्याने ते वाक्य रोज पानाच्या वर लिहायचं ठरवलं, "हे कोण वाचणार?", आणि खाली उत्तर, "आज कुणीच नाही, आज फक्त लिहायचंय." मग एकच ठरलेलं गाणं एकदा ऐकायचं, हेडफोन काढून ठेवायचे, बसायचं. गाणं रोज तेच, शोधाशोध बंद.

आता उलटी बाजूपण सांगते. एक बाई येतात, छान लिहितात, त्यांना शांतताच लागते. हा जो "च" आहे ना, माझं सगळं लक्ष तिकडे जातं. शांतता पाहिजे म्हणणारा माणूस खिडकी लावून घेतो आणि लिहितो, शांतताच पाहिजे म्हणणारा आवाजाची वाट बघत बसतो. त्या कागदावर कमी आणि जिन्यातल्या पावलांवर जास्त लक्ष ठेवून होत्या. त्यांना मी थॉमस कार्लाइलची गोष्ट सांगितली. लंडनमधला हा लेखक शेजारच्या कोंबड्यांना इतका कावला की 1853 मध्ये घराच्या छपरावर खास आवाजबंद खोली बांधून घेतली, खर्च करून, आणि ती फसली, लांबचे आवाज उलट तिथे जास्तच यायला लागले. पण पुढे वर्षानुवर्षं तिथेच बसून त्याने सहा खंडांचं चरित्र पूर्ण केलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे कुरकुरत का होईना, लिहिलं." हो, कुरकुरत लिहिलं तरी चालतं. आम्ही त्यांच्यासाठी रोज वीस मिनिटं मुद्दाम खिडकी उघडी ठेवून लिहायचं ठरवलं. पहिला आठवडा त्या माझ्यावर चिडलेल्या होत्या.

बाकी जे लोक थेट "काय करू ते सांगा" म्हणतात त्यांच्यासाठी. नवीन वाक्य घडवताना आपण मनात बोलत असतो, त्यामुळे कानात दुसरं कुणी बोलत किंवा गात असेल तर दोघांची टक्कर होते, आणि तुम्ही लिहिता त्याच भाषेतलं गाणं असेल तर त्यातला शब्द तुमच्या वाक्यात कधी शिरला ते कळतही नाही. संवाद लिहिताना आणि शेवटचा हात फिरवताना सगळं बंद करा आणि मोठ्याने वाचा. उदास गाणं लावून वाचलं की स्वतःचं कुठलंही पान करुण वाटतं, ते रडू गाण्याचं असतं, सकाळी तेच पान कोरडं लागतं. उलट टायपिंग, फाइली लावणं, नुसत्या कल्पना खरडणं यात काहीही वाजू दे. 2012 च्या एका अभ्यासात साधारण 70 डेसिबलच्या कलकलाटात, म्हणजे माणसांनी भरलेल्या हॉटेलात असतो तसा, कल्पना जास्त सुचल्या, 50 ला कमी आणि 85 ला पुन्हा कमी. पण सुचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, ही गल्लत करू नका. ज्यांचं लक्ष मुळातच फार भरकटतं त्यांच्यातल्या काहींना एकसुरी खरखर किंवा पावसाचा आवाज खरंच मदत करतो, त्यांनी माझं ऐकून बंद करायची गरज नाही. आणि एखाद्या बारीक आवाजाने, चघळण्याच्या किंवा पेन टकटक करण्याच्या, अंगाचा तिळपापड होत असेल तर तो लिहिण्याचा प्रश्न नाही, त्यासाठी वेगळं भेटा. वही मात्र सगळ्यांनी ठेवा, चौदा दिवस, चार रकाने. माझं खरं मानू नका, वहीचं माना.

त्याचं तिसरं प्रकरण संपलं, चौथंही झालं. परवा फोन आला, पाचव्यावर अडलंय.

"गाणं?" मी विचारलं.

"नाही नाही, गाण्याचं काही नाही. मॅडम, मला वाटतं खुर्चीत काहीतरी गडबड आहे."

मी म्हटलं, वही घेऊन या.