वाचक विचारतात : 'मराठा'त होते की 'पॅरा'त?

प्रश्न : आजोबा 1971 च्या लढाईत जखमी झाले. घरात सगळे 'मराठा पलटणीत होते' म्हणतात, डिस्चार्ज बुकात मात्र '2 पॅरा' लिहिलंय. जुने कागद कुठून मिळतील? (शिरोळ)

उत्तर : दोन्ही बरोबर. 2 पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. 15 एप्रिल 1952 रोजी पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ यांची एकेक पलटण तिच्यात आली. 11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी हीच पलटण टांगाईलजवळ पॅराशूटने उतरली आणि रात्रीत लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेतला. जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची ती वाट होती. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून येऊन मिळाली ती 1 मराठा, म्हणजे घरचीच माणसं.

कागदांसाठी बेळगावचा हेलपाटा मारू नका, जवळ असलं तरी. बेळगावला मराठा रेजिमेंटचं दप्तर. पॅराशूट रेजिमेंटचं बेंगळूरुला. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, भरतीची आणि सुटकेची तारीख घाला. नाव डिस्चार्ज बुकात आहे अगदी तसंच लिहा. आधार कार्डावर 'राव' जास्त आहे एवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

प्रश्न : वडिलांना 40 टक्के अपंगत्व लिहून मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं होतं. पेन्शन वाढू शकते का? (गडहिंग्लज)

उत्तर : आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून बघा. वैद्यकीय कारणाने बाहेर पडलेल्यांचं 50 च्या आतलं अपंगत्व 1 जानेवारी 1996 पासून 50 टक्के धरतात. तो आकडा लागलाय का? दुसरं, जखम शत्रूच्या कारवाईत झाली असेल तर साध्या अपंगत्व घटकाऐवजी युद्धजखमी घटक मिळतो, आणि तो दुपटीहून कमी नसतो. त्यासाठी कागदोपत्री 'बॅटल कॅज्युअल्टी' ही नोंद लागते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करा.

प्रश्न : गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे. सकाळी घट्ट बसतो, संध्याकाळी टोचतो. पावसाळ्यात चट्टे उठतात. (कोल्हापूर)

उत्तर : दिवसभरात खुंट (पायाचा उरलेला भाग) आटतो, मग तो सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या वाटीत, खाली सरकतो आणि टोकावर भार येतो. दुपारी पाय काढून एक पदरी मोजा वर चढवा; कमी पडला तर तीन पदरी. सगळे मिळून दहा-बारा पदर लागायला लागले की मोजे वाढवण्यात अर्थ नाही, सॉकेट नवं करून घ्या. पुण्याचं लष्करी कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून हेच काम करतंय.

खुंट रात्री धुवा. सकाळी धुतला तर ओली कातडी फुगते आणि घासली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात मोजे वाळत नाहीत म्हणून पाच-सहा जोड ठेवा, ओलसर मोजा चढवूच नका. सॉकेट चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवलं तर त्याचा आकार बिघडतो. पाय काढल्यावर लाली वीस मिनिटांत गेली नाही, तर तिथे दाब पडतोय. त्या दिवशी पाय घालू नका. मधुमेह असेल तर खुंटाचं टोक रोज आरशात बघा.

झोपताना गुडघ्याखाली उशी नको. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहायला लागतो आणि पुढे पाय नीट बसत नाही.

आणि कोल्हापुरी! बुटाच्या टाचेच्या उंचीवर जुळवलेला पाय सपाट चपलेत घातला की गुडघा मागे ढकलला जातो. कृत्रिम पावलाचा अंगठा सुटा नसेल तर चपलेचा अंगठाही त्यात बसत नाही. मागे पट्टा असलेली, बुटाइतक्याच टाचेची सँडल घ्या, किंवा चपलेसाठी पाय पुन्हा जुळवून घ्या.