शेरू पलंगाखाली का जातो?

प्रश्न: ताई, मी लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई. माझा शेरू लॅब्राडोर आहे, पुण्याला नेऊन त्याला थेरपी डॉगचं, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना भेटून त्यांना बरं वाटावं म्हणून नेतात त्या कुत्र्याचं, ट्रेनिंग दिलंय. दर रविवारी दुपारी जेवण झालं की त्याला वृद्धाश्रमात नेते, तीन-चार तास थांबतो, सगळ्या आज्या त्याला मिठ्या मारतात. पण सून म्हणायलीय बंद करा, घरात लहान लेकरू आहे. मी एवढं चांगलं काम करायलेय त्याचं तिला काहीच नाही. शेरू पण जरा लाडावलाय, पट्टा हातात घेतला की पलंगाखाली जाऊन बसतो, ओढून काढावं लागतं. सोबत फोटो पाठवलाय, बघा किती छान हसतोय. सुनेला कसं समजावू?

उत्तर: बाई, सुनेचं नंतर बघू. माझा जीव अडकलाय त्या पलंगाखाली. पट्टा बघून जो कुत्रा लपतो तो लाडावलेला नसतो, तो मला यायचं नाही म्हणायलाय, आणि तुम्ही त्याला ओढून काढून गाडीत बसवताय, तेही दर रविवारी. राग आला मला वाचून.

फोटो मी मोठा करून बघितला. तीन आज्या गळ्यात पडल्यात, शेरूचे कान मागं चिकटलेत, मान त्यानं पलीकडं वळवलीय, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय आणि तोंड ताणून जीभ बाहेर लोंबायलीय. हे हसू नाही हो. तो अवघडलाय आणि उकाड्यानं हैराण झालाय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि तुम्ही त्याला लातूरच्या भर दुपारी फोटोतल्या त्या पत्र्याच्या शेडखाली तीन-चार तास बसवताय. पेट पार्टनर्स ही या कामातली अमेरिकेतली मोठी संस्था, त्यांच्याकडं एका प्राण्याला दिवसात दोन तासांच्या वर काम द्यायचं नाही असा नियम आहे, आणि तो दमला तर दोन तासांच्या आधीच उठायचं.

शेरूला बस, थांब, सोड शिकवलं असेल, चांगलंच आहे, ‘सोड’ तर पाहिजेच, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत बीपी-शुगरच्या गोळ्या खाली पडलेल्या असतात. पण या कामात अर्धं ट्रेनिंग पट्टा धरणाऱ्याचं असतं. झोप नसताना जांभया द्यायलाय, सारखे ओठ चाटायलाय, कोरडा असून अंग झटकायलाय, हे बघायचं आणि आता पुरे म्हणून उठायचं, हे तुमचं काम. शाळेत यायला रडणारं पोरगं तुम्ही इतकी वर्षं दारातूनच ओळखलं असेल, मग घरातला हा कसा दिसला नाही तुम्हाला?

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडं एक पोरगं आलं होतं, कुणात न मिसळणारं. त्यांचा कुत्रा जिंगल्स तिथंच होता, तो आपणहून त्या पोराकडं गेला, चाटायला लागला आणि पोरगं खुललं. १९६२ मध्ये लेविन्सननी त्यावर लिहिलं. जिंगल्सला कुणी ओढत नेलं नव्हतं. आणि नको असताना नेलेला कुत्रा किती दिवस सोसेल? एखाद्या रविवारी आजीच्या हाताला दात लागला तर, पातळ कातडी असते हो त्यांची, आणि दोष मात्र शेरूच्या माथी.

मला वाटतं तुम्हाला आतून एक भीती आहे, शेरू नसला तर त्या आज्या माझी वाट बघतील का. बघतील. म्हणून या रविवारी त्याला घरी ठेवा आणि तुम्ही एकट्या जा. त्यांचे केस विंचरा, पेपर वाचून दाखवा, लेकरांना फोन लावून द्या. शेरू का नाही आला विचारतील, दमलाय म्हणून सांगा, खरंच आहे ते.

सुनेचं म्हणाल तर रेबीजचं इंजेक्शन, जंताचं औषध वेळेवर आणि घरी आल्यावर साबणानं हात, एवढं चोख ठेवा, मग तिचं बोलणं ऐकूनही घ्या.

शेरूला आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, लॅब्राडोरचे सांधे दुखतात, त्यानं पण तो टाळत असेल. दोन-तीन महिन्यांनी पट्टा नुसता खाली ठेवून बघा, आपणहून आला तरच न्या, तेही सकाळी ऊन चढायच्या आत, अर्धा तास, मिठ्या बंद, सतरंजीवर बसवायचं आणि तो उठून ज्या आजीकडं जाईल तिनंच हात फिरवायचा. नाही उठला तर गाडीत घालून सरळ घरी आणा.