पंखा बंद ठेवा, असं आईवडिलांना सांगू नका

तुम्ही विचारलंय की आईवडील खटाव तालुक्यात गावी सिमेंटच्या पत्र्याच्या घरात दोघंच राहतात, लाईटबिल पंधराशे-सोळाशे येतं, वडिलांचे श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे त्यातच जातात, सिलिंडर पुरवून वापरतात. तर सोलर बसवून द्यावं का?

मी कोरेगावात बावीस वर्षं वायरमनचं काम करतो. सोलरचं शेवटी सांगतो. आधी एक विनंती आहे. फोनवर ‘पंखा कमी लावत जा’ असं त्यांना सांगू नका. म्हातारी माणसं मुलांचा शब्द मोडत नाहीत, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली ते जिवावर बेततं. मागच्या उन्हाळ्यात एका आजींकडे होल्डर बदलायला गेलो होतो. भर दुपारी त्या उंबऱ्यावर बसून पदरानं वारा घेत होत्या. डोक्यावर चालू स्थितीतला पंखा होता, पण बटणावर चिकटपट्टी लावलेली, चुकून लागू नये म्हणून. त्यांचं बिल खरंच कमी येत होतं, आणि शहरातला मुलगा त्यावर समाधानी होता.

इंग्लंडमध्ये इंधनाच्या गरिबीची जुनी व्याख्या अशी होती की घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च ‘करावा लागेल’ ते घर गरीब. किती खर्च केला हे मोजायचं नाही, किती लागेल ते मोजायचं. आपल्याकडे उबेच्या जागी पंखा, उजेड आणि चुलीवरचं जेवण धरा. कमी बिल आलं म्हणजे भागलं असं नव्हे.

दोन माणसं, एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही, एवढ्याला सोळाशे रुपये मला पटत नाहीत. म्हणून बिल हातात घ्या आणि ‘दर संकेत’ लिहिलेली ओळ वाचा. तिथे घरगुती दर आहे की व्यापारी? असं एक घर मला सापडलं होतं. ओसरीत पूर्वी किराणा दुकान होतं, ते बंद होऊन नऊ वर्षं झालेली, फळ्यासुद्धा सरपणात गेलेल्या. पण मीटर अजून दुकानाच्याच दरावर. तो दर जास्त, स्थिर आकारही (वापर असो-नसो, दरमहा लागणारी रक्कम) जास्त. तिथे आता दुकान नाही हे कुणी कळवलंच नव्हतं. दर बदलून मिळण्याचा अर्ज दिला, पाहणी झाली आणि पुढचं बिल जवळजवळ निम्म्यावर आलं. घरातलं एकही बटण कमी दाबलं नाही.

दुसरं, रीडिंग. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असं छापलं असेल तर ते बिल अंदाजाचं, सरासरीचं. मग कधीतरी तीन-चार महिन्यांचं रीडिंग एकदम येतं. १०० युनिटच्या पुढे घरगुती दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे ती सगळी युनिटं एकाच महिन्याची धरली तर मोठा फटका बसतो. ती तितक्या महिन्यांत वाटून बिल द्यावं असं महावितरणच्या कार्यालयात लेखी मागा आणि अर्जावर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. तिथे नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

थकबाकीला घाबरून व्याजानं पैसे काढणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे नीट सांगतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत लाईट चालू राहते.

आता मीटर. रात्री घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रीज बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन मीटरपुढे पाच मिनिटं उभे राहा. लाल दिवा लुकलुकतोय का? लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी मुरतेय. एका घरात मी असा उभा राहिलो तर दिवा शांतपणे मिचमिचत होता. शोधत गेलो तर गोठ्याकडे नेलेली जुनी वायर, मधला जोड नुसत्या टेपनं बांधलेला आणि ओल्या मातीच्या भिंतीला टेकलेला. बिलाचं राहू द्या, तिथे म्हैस बांधली जायची आणि आजी पहाटे अनवाणी धार काढायला जायच्या. वायर बदलली आणि गळती झाली की ट्रिप होणारा स्विच बसवला. तुमच्या घरी एवढं एक काम मात्र हिशेब न करता करून घ्या.

वस्तूंचं थोडक्यात. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी म्हणजे नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या. दोन पंखे रोज बारा तास धरले तर महिन्याला तीसेक युनिटं वाचतात. फ्रीजच्या दारात नोट धरून दार लावा; ती सहज ओढून निघाली तर रबर बदला. अंघोळीचं पाणी बंबात चिपाडावर तापत असेल तर तापू द्या, फक्त बंब घराबाहेर असावा.

पत्र्याला फेब्रुवारीअखेर चुना द्या, त्यात थोडं फेविकॉल घाला म्हणजे धरून राहतो. माण-खटावचं ऊन बघता दुपारी खोलीतला फरक अंगाला कळतो. पावसात तो धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. लोखंडी पत्रा असेल तर चुन्याऐवजी पांढरा रंग.

गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर आहे का ते बघा. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत २०२४ पासून वर्षाला तीन सिलिंडर मोफत, पण कनेक्शन बाईच्या नावावर हवं आणि ती उज्ज्वला किंवा लाडकी बहीणच्या लाभार्थ्यांत बसायला हवी. नवरा गेला तरी गॅस त्याच्याच नावावर, अशा कितीतरी बायका चुलीपुढे खोकतायत आणि झाकण घातलेला सिलिंडर कोपऱ्यात पाहुण्यांसाठी राखलेला. सिलिंडर घेताना वजन करून मागा: टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो.

राहिलं सोलर. छतावरच्या सोलरसाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० अनुदान आहे. १ किलोवॉट महिन्याला १०० ते १२० युनिटं देतं, दोघांना भरपूर झालं. पण सिमेंटच्या पत्र्यावर पॅनेल टाकता येत नाहीत, वेगळा लोखंडी सांगाडा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून वरचं सगळं झाल्यावर दोन-तीन बिलं येऊ द्या, युनिटं किती उरतात ते बघा, मग ठरवा.

ग्राहक क्रमांक आणि नाव झाकून बिलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाकलात तर दर संकेत आणि रीडिंग बघून मी सांगतो.