आईनं सोलापुरात ३० वर्षं विड्या वळल्या, आता वय ६२, शिल्लक काहीच नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतील का?

आत्ता नाही, कारण श्रावणबाळ या निराधार वृद्धांच्या सरकारी पेन्शन योजनेसाठी ६५ वर्षं पूर्ण लागतात. पण त्याआधी आईच्या पीएफची चौकशी करा. मी इथल्या विडी कामगार बायकांचे पेन्शनचे अर्ज भरून देते, आणि बहुतेक घरी हीच गोष्ट राहून गेलेली असते. विडी उद्योगाला पीएफ कायदा लागू आहे, घरी पान-तंबाखू आणून वळणाऱ्यांनाही. आईच्या नावावर १० वर्षांची पेन्शनपात्र सेवा भरलेली असेल तर ५८ नंतर ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते. ती महिना किमान १,००० रुपये, म्हणजे फारच तुटपुंजी, पण तिच्या कष्टाची, हक्काची. सेवा कमी भरली तर एकरकमी पैसे निघतात. जुनं ओळखपत्र, पीएफ नंबर, कारखान्याची जी चिठ्ठी सापडेल ती घेऊन पीएफ कार्यालयात जा. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर आधी तेच दुरुस्त करा, अर्ज तिथंच अडकतो.

वडील नसतील तर ६५ पर्यंत संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून अर्ज करता येतो. श्रावणबाळ आणि संजय गांधी, दोन्ही योजनांत महिना १,५०० रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयात होतो. मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. आई तुमच्याच रेशनकार्डावर असेल आणि तुम्हाला पगार असेल तर तो मिळणं अवघड आहे.