शंभर हेल्थचा शत्रू तिसऱ्याच गोळीला मरतो, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की अनरियल या गेम इंजिनच्या ब्लूप्रिंटमध्ये (कोड न लिहिता नोड नावाचे ठोकळे वायरींनी जोडून गेम बनवायची सोय) शत्रूची हेल्थ १००, गोळीचं डॅमेज २५, तरी तो चौथ्याऐवजी तिसऱ्या गोळीलाच मरतो, आणि कोलिजन, म्हणजे गोळी आदळल्याची नोंद, दोनदा लागतंय अशी तुम्हाला शंका आहे. ग्राफ पाहिला. कोलिजन बिचारं निर्दोष आहे, घोळ हेल्थमधून डॅमेज वजा करणाऱ्या सबट्रॅक्ट नोडचा.

त्यातून दोन वायरी निघाल्यात: एक नवी हेल्थ लिहिणाऱ्या सेट हेल्थला, दुसरी 'शून्य किंवा कमी?' तपासून पुढच्या ब्रँचला (हो-नाही ठरवणारा नोड). दिसायला नीटनेटकं, पण सबट्रॅक्ट हा प्युअर नोड. त्याला कामाचा क्रम ठरवणारी पांढरी वायर नसते आणि तो उत्तर धरून ठेवत नाही. पांढऱ्या वायरीवरचा प्रत्येक नोड उत्तर मागेल तेव्हा तो नव्याने गणित करतो. पहिल्या गोळीला सेटने ७५ लिहिले. मग ब्रँचने विचारलं तेव्हा ७५मधून पुन्हा २५ गेले, त्याला ५० दिसले. दुसऱ्या गोळीला हेल्थ ५०, ब्रँचला २५. तिसऱ्याला हेल्थ २५ शिल्लक, ब्रँचला शून्य. खेळ खलास.

तुलनेकडे जाणाऱ्या पिनवर ऑल्ट धरून क्लिक करा, वायर तुटेल. तिथे सेट हेल्थच्याच उजव्या पिनमधून वायर आणा. बस.

रँडम इंटिजर इन रेंज (दिलेल्या मर्यादेतला कुठलाही एक आकडा देणारा नोड) हाही असाच प्युअर. डॅमेजसाठी थेट दोन ठिकाणी जोडलात तर स्क्रीनवर समजा १४ दिसतील आणि हेल्थ १९ने घटेल. आधी व्हेरिएबलमध्ये सेट करा, मग वापरा. फॉर ईच लूपला (यादीतल्या एकेका घटकासाठी फेरी मारणाऱ्या नोडला) ती यादी म्हणजेच अ‍ॅरे देणारं तुमचं फंक्शन प्युअर असेल तर ते दर फेरीला पुन्हा चालतं. फंक्शनच्या डिटेल्समधली प्युअरची खूण काढून टाका. पैसे घेऊन शिकवणारेसुद्धा हे सांगत नाहीत, ग्राफ सुबक दिसावा म्हणून एकाच नोडमधून पाच वायरी ओढतात. डोकं फिरतं.

'ब्लूप्रिंट सोडा, सी++मध्ये कोड लिहायला शिका' म्हणणारे येतीलच. शिका जरूर, पण या बगसाठी नको.

हे सगळं अनरियलच्या ब्लूप्रिंटपुरतं, आणि एकट्याने खेळायच्या गेमसाठी. मल्टिप्लेअर असेल तर हेल्थ फक्त सर्व्हरवर बदला.

आणि हो, ब्रँचच्या ट्रूनंतर डू वन्स (पुढचं काम एकदाच होऊ देणारा नोड) टाका. नाहीतर मेलेल्याला आणखी गोळी लागली की मरणाचं अ‍ॅनिमेशन पुन्हा सुरू होईल.