मॉडेलिंग, फोटोग्राफर आणि सही केलेला तो कागद

नाशिकहून आलेलं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मॅडम, मी सिडकोत राहतो, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. वय २१, उंची पाच फूट दहा इंच. बाबा अंबडला एका कंपनीत आहेत. दिवाळीआधी कॉलेज रोडच्या एका दुकानासाठी शेरवानी-कुर्त्यांचं शूट केलं. फोटोग्राफर दादा खूप चांगले होते, तीन हजार मिळाले. ते फोटो बघून दुसऱ्या एका फोटोग्राफरने इन्स्टावर मेसेज केला. मुंबईत ओळखी आहेत, चाळीस हजारांत पोर्टफोलिओ, म्हणजे एजन्सींना दाखवायचा फोटोंचा संच, करून देतो म्हणाला. साठवलेले पंधरा हजार दिले. गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर शूट झालं. आदल्या दुपारपासून पाणी पिऊ नकोस, बॉडी कट दिसते, असं त्याने सांगितलं होतं. शर्टाशिवायचे फोटो ठरले होते, पण नंतर आणखी कपडे काढायला लावले. नको म्हणालो तर 'सगळे मोठे मॉडेल असेच मोठे झालेत' म्हणाला. काही फोटो दिले मी. मग एका इंग्रजी कागदावर सही घेतली, कॉपी दिली नाही. आता उरलेले पंचवीस हजार मागतोय, नाहीतर फोटो कुठेही जाऊ शकतात म्हणतो. घरी कुणालाच माहीत नाही. हे क्षेत्र माझ्यासारख्यांचं नाही का?"

प्रिय मित्रा,

क्षेत्राचं नंतर बोलू. आधी ते पंचवीस हजार. एक रुपयाही देऊ नकोस. एकदा दिलेस की दुसऱ्यांदा मागायला त्याला काहीच अडचण नाही. त्याचे सगळे मेसेज, व्हॉइस नोट, पंधरा हजार पाठवल्याची यूपीआयची नोंद, फार्महाऊसचं लोकेशन, सगळं जपून ठेव आणि एखाद्या विश्वासातल्या माणसाच्या फोनवरही पाठवून ठेव. त्याचा नंबर ब्लॉक करण्याआधी हे कर. घाबरून चॅट डिलीट करणारी मुलं स्वतःच्याच हाताने पुरावा घालवतात. फोटो पसरवीन असं सांगून पैसे मागणं ही खंडणी आहे, मग तुझी सही कुठल्याही कागदावर असो. नाशिक शहर पोलिसांचं सायबर पोलिस ठाणं आहे, तिथे लेखी तक्रार देता येते. जायचं तेव्हा घरातलं कुणीतरी मोठं माणूस सोबत असू दे. आणि उद्या एखादा फोटो खरंच कुठे टाकला गेला, तर त्या त्या ॲपच्या तक्रार विभागाकडे तू स्वतः लगेच तक्रार कर. अशा उघड्या-अर्धउघड्या फोटोंबाबत ज्याचा फोटो आहे त्याने तक्रार केली, तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार (२०२६ मधल्या दुरुस्तीनंतर) कंपनीने तो दोन तासांच्या आत काढायचा असतो.

तू "काही फोटो दिले मी" असं लिहिलंयस, आणि त्या चार शब्दांत तू स्वतःलाच आरोपी केलंयस. तसं नाही रे. आदल्या दुपारपासून तू पाणी प्यालेला नव्हतास. दिव्यांसमोर तासन् तास उभा होतास, शहराबाहेर होतास, पैसे आधीच देऊन बसला होतास आणि परत यायला गाडी त्याचीच असणार. अशा वेळी तोंडातून निघालेल्या 'बरं' ला मी संमती म्हणत नाही. पाणी तोडण्याचं तर मला फार वाईट वाटलं. शरीर रेखीव दिसावं म्हणून शूटआधी पाणी बंद करण्याचं खूळ जिममधून आलंय. त्याने चक्कर येते, पायात गोळे येतात, रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडलं तर हृदयाची लयही बिघडू शकते. कुणीही पुन्हा सांगितलं तरी हे करायचं नाही.

आणखी एक गोष्ट मनात आली ती सांगते. मुलगी शूटला निघाली असती तर घरच्यांनी कुठे, कुणाकडे, कधी परत असे दहा प्रश्न विचारले असते. मुलगा म्हणून तुला कुणी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही महिलांसाठी आहे. म्हणून पुरुष मॉडेलने आपली काळजी कामाला जाण्याआधीच घ्यायला हवी.

कशी, ते तुझ्या पहिल्या शूटनेच दाखवलंय. पत्राच्या मागच्या पानावर तू त्याबद्दल सविस्तर लिहिलंस. शेरवानी सैल होती तर मागून चिमटे लावून बसवली, तुला हात लावण्याआधी दादांनी विचारलं, दर काही फोटोंनंतर स्क्रीनवर दाखवलं, 'हनुवटी थोडी खाली, खांदा खिडकीकडे' असं सांगितलं, जेवणाची सुट्टी झाली आणि दुकानदाराने ठरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले. चांगला फोटोग्राफर असाच असतो. काय काढायचंय ते तो आधी सांगतो, संदर्भाचे फोटो पाठवतो, कपडे बदलायला आडोसा देतो आणि 'नको' म्हटलं की पुढच्या पोझकडे वळतो. अशा माणसाबरोबर केलेल्या एका दिवसात मॉडेल जितकं शिकतो तितकं महागड्या ग्रूमिंग क्लासमध्ये शिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दादांशी संबंध टिकव. त्यांना हा प्रकार सांगितलास तरी चालेल. गावातल्या फोटोग्राफरांना एकमेकांची माहिती असते.

आता तो कागद. तो बहुधा रिलीज फॉर्म असावा, म्हणजे तुझा चेहरा कुठे आणि कशासाठी वापरायचा याची परवानगी. त्याची प्रत व्हॉट्सॲपवर लेखी माग. एकाच ओळीत, न भांडता. फोटोंची मालकी कुणाची हे तू विचारलं नाहीस, पण ते माहीत असायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हा त्या फोटोचा कर्ता आणि साधारणपणे पहिला मालकही असतो. मात्र तुझ्या सांगण्यावरून, तुझ्याकडून पैसे घेऊन फोटो काढले असतील तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक तू. अट एवढीच की याच्या उलट करार झालेला नसावा. तो इंग्रजी कागद म्हणजे नेमका असा उलटा करार असू शकतो, म्हणून तो वाचणं इतकं महत्त्वाचं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. वकील परवडत नसेल तर मोफत सल्ल्याची चौकशी तिथे कर.

यापुढे कुठल्याही कागदावर सही करताना फोटो कुठल्या माध्यमात वापरणार, कुठल्या भागात आणि किती काळ, हे तिन्ही लिहिलंय का ते बघ. कॉलेज रोडच्या दुकानाच्या इन्स्टा पेजसाठी तीन हजार ठीक आहेत. तोच फोटो मुंबई-आग्रा रोडच्या होर्डिंगवर वर्षभर लावायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे. रिकाम्या जागा सोडलेल्या किंवा 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असं लिहिलेल्या कागदावर सही नाही. आणि सही केली की तिथल्या तिथे मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो काढून घ्यायचा.

त्याने 'मोठे मॉडेल असेच' म्हणून तुला गप्प केलं, म्हणून सांगते. १९९५ साली मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांनी बुटांच्या एका जाहिरातीसाठी विनावस्त्र छायाचित्रं दिली, प्रबुद्ध दासगुप्ता यांनी ती काढली. दोघंही तेव्हा नावारूपाला आलेले होते. कशासाठी, कुणासाठी आणि फोटो कुठे छापला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. तरीही अश्लीलतेचा खटला झाला आणि निर्दोष सुटेपर्यंत २००९ उजाडलं. फार्महाऊसवर एकट्या पोराला अडवून काढलेल्या फोटोंची त्याच्याशी तुलनाच होत नाही.

क्षेत्र तुझं आहे की नाही? आहे, असं मला वाटतं. रॅम्पला सहा फुटांच्या आसपासची मुलं लागतात, तिथे तुझी उंची थोडी कमी पडेल. पण कॅटलॉग, ऑनलाइन विक्रीचे फोटो, दागिने, लग्नाचे कपडे, टीव्हीच्या जाहिराती यांत पाच फूट दहा इंच चालतं. तिथे दिवसाला ढिगाने कपडे बदलायचे असतात आणि न कंटाळता प्रत्येक कपड्यात ताजं दिसायचं असतं. तुझ्या पहिल्या शूटवरून ते तुला जमतं असं दिसतंय. सुरुवातीला चाळीस हजारांचा पोर्टफोलिओ मुळीच लागत नाही. कामासाठी मॉडेल निवडणाऱ्या कास्टिंगवाल्यांना साधे 'डिजिटल्स', म्हणजे न सजवलेले फोटो, हवे असतात. सकाळी खिडकीसमोर, मोकळ्या भिंतीला पाठ करून, साधा टी-शर्ट आणि जीन्स, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीत, फिल्टर न लावता. बहीण मोबाइलवर काढून देईल. त्याबरोबर उंची, छाती, कंबर, बुटाचा नंबर. पुढे दोन-चार कामांचे फोटो जमले की आपोआप पोर्टफोलिओ होतो. खरी एजन्सी तुला मिळालेल्या कामातून कमिशन घेते, नोंदणीचे पैसे मागत नाही.

ऑडिशन बहुतेक अंधेरी-वर्सोव्याकडे असतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं, त्यामुळे आत्ताच मुंबईत खोली घेऊन बसू नकोस. टी.वाय. पूर्ण कर. या कामाचे पैसे बिल दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतात, तेही टीडीएस कापून, आणि मधल्या काळात हातात दुसरं काहीतरी असलेला मुलगाच वाईट कामाला नाही म्हणू शकतो. कॉमर्सचा आहेस, अकाउंट्सचं अर्धवेळ काम तुला मिळेल. नवीन शूट ठरलं की पत्ता, वेळ आणि फोटोग्राफरचं नाव घरी लिहून जा आणि पहिल्या काही वेळा मित्राला सोबत ने. मित्र नको म्हणणाऱ्याकडे जायचंच नाही.

राहिले बाबा. त्यांना आजच सांग. फोटोंपासून सुरुवात करू नकोस, ते अवघड जाईल. 'मला एक माणूस पैशासाठी धमकावतोय' इथून सुरू कर, मेसेज दाखव, बाकीचं मागून येईल. ते रागावतील, कदाचित पंधरा हजारांवरूनच आधी रागावतील. ते शांत झाले की पोलिस ठाण्यात सोबत येण्याचं विचार. समोरासमोर बोलणं जमत नसेल तर आईला किंवा मामांना मध्ये घे. आणि तक्रार दिली की तिची पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझी,
करिअर मार्गदर्शक