जावेचा हेवा आणि न सोडलेली जागा

"जवळच्या माणसाचे चांगले झाले की माझ्या पोटात कालवते, मी मनाने वाईट आहे का?" हा प्रश्न जळगावच्या माझ्या समुपदेशन कक्षात वारंवार येतो. यावल तालुक्यातील एका शिक्षिकेचा अनुभव तिच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्या घरी खानदेशात पुजली जाणारी देवी कानबाई बसली होती आणि सारी भाऊबंदकी जमली होती. नैवेद्याच्या रोटांचे गहू दळण्यापासूनची तयारी हिने केली होती. पण आदल्या संध्याकाळी नाशिकहून आलेल्या धाकट्या जावेभोवती बायकांचा घोळका जमला, तशी ही डोके दुखत असल्याचे सांगून माडीवर जाऊन बसली आणि सोमवारी विसर्जनालाही गेली नाही. पुढे तिने मोबाइलवर एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, तिच्यात एनिअग्राम या माणसांचे नऊ स्वभावप्रकार मानणाऱ्या मांडणीतला चौथा प्रकार निघाला, आणि "ताई, मी मत्सरीच आहे, तसे लिहूनच आले आहे," असे म्हणत ती माझ्याकडे आली.

बोलिव्हियात जन्मलेले आध्यात्मिक शिक्षक ऑस्कर इचाझो आणि चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लॉदिओ नारांहो यांनी 1970 च्या सुमारास पुढे आणलेल्या या नऊ प्रकारांच्या मांडणीला संशोधनाचा आधार तोकडा आहे, त्यामुळे मी तिच्यावरून निदान करत नाही. तरीही चौथ्या प्रकाराचे या मांडणीतले वर्णन मला मोलाचे वाटते: हा हेवा वस्तूंच्या हावेतून येत नाही, तर "सर्वांना जन्मतः मिळालेले काहीतरी मलाच मिळाले नाही" या बोचेतून येतो. याच मांडणीत हेव्याच्या समोर समभाव ठेवलेला आहे, हे मात्र चाचणीच्या निकालात तिने वाचलेच नव्हते.

मी विचारले, "जावेची नोकरी आणि फ्लॅट उद्या तुम्हाला मिळाला तर?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "ते नको. तिच्यासारखे चारचौघींत मोकळेपणाने बसता यावे, एवढेच." ज्याला ती मत्सर म्हणत होती, ती आपलेपणाची भूक होती, हे बोलता बोलता तिलाच उमगले आणि ती रडली.

माडीवर गेल्याने तिला तत्काळ बरे वाटत असे. पण दर वेळी उठून गेल्यामुळे "मी यांच्यातली नाहीच" हा समज अधिक पक्का होत होता. म्हणून आम्ही एवढेच ठरवले की पोटात कालवले तरी दहा मिनिटे जागा सोडायची नाही, हातातले काम चालू ठेवायचे आणि रात्री वहीत लिहायचे की आज नेमके काय हवेसे वाटले. समभाव म्हणजे काहीच न वाटणे नव्हे, हे तिला पटायला वेळ लागला. दिवाळीत ती पुन्हा उठून गेली आणि आठवडाभर स्वतःला दोष देत राहिली. तेही आम्ही वहीतच लिहिले.

पुढच्या कानबाईलाही पोटात कालवलेच, असे तिने सांगितले. ती मात्र रोट करत स्वयंपाकघरातच बसून राहिली, आणि थोड्या वेळाने जाऊच परात ओढून तिच्याशेजारी येऊन बसली.